पाखल्यांच्या वेळची बाटली

पाखल्यांच्या, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या, वेळची एखादी बाटली दिवाणखान्यात नसेल तर पाहुण्यांना दाखवायचं काय, काजूचं बोंड? तेव्हा बुधवारी हणजुणेचा बाजार गाठा. जाताना चष्मा घरी ठेवा, नखं कापून जा. पाकीट तेवढं विसरू नका.

बाटली हातात आली की पहिलं पथ्य: बाजूच्या रेघेवरून बोट फिरवायचं नाही. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटलेली ही रेघ बुडाकडून वर चढत जाते. पूर्वी कारागीर बाटली साच्यात फुंकायचा आणि तोंड मागाहून हत्याराने फिरवून घडवायचा, त्यामुळे रेघ मानेवरच पुसली जायची. 1903 साली अमेरिकेत मायकेल ओवेन्सने बाटल्या आपोआप घडवणारं यंत्र उभं केलं आणि रेघ थेट ओठावर चढली. म्हणजे बोट ओठापर्यंत अडखळत गेलं, तर तुमची दोनशे वर्षांची बाटली एकदम नातवंडाच्या वयाची व्हायची. कशाला हवी ही चौकशी?

बूड उलटून पाहणं तर निव्वळ असभ्यपणा. पाहुण्याचं धोतर उचलून बघतो का आपण? वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या बुडाला टेकणाऱ्या कडेपुरतेच ओरखडे पडतात, आडवेतिडवे, कमीजास्त खोल. पॉलिश पेपरने घासलेल्या बुडावर ते कवायतीच्या पोरांसारखे एका दिशेने उभे असतात. किती नीटनेटकं! आणि बुडाच्या मधोमध, घडवताना बाटली ज्याला चिकटवायचे तो लोखंडी दांडा मोडून काढल्याचा खरबरीत वण दिसला, तर ‘टवका उडालाय’ म्हणून ती बाटली सरळ परत ठेवा. असले वण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या बाटल्यांना असतात. एवढं जुनं आपल्याला नकोच आहे.

बुडबुडे दिसले की मात्र डोळे मिटून पैसे मोजा. नव्या काचेत ते मुद्दाम सोडता येतात, हा विचार मनात आणू नका. गडद जांभळी काच तर हातची जाऊ देऊ नका. मँगनीज घातलेली जुनी बिनरंगी काच वर्षानुवर्षं उन्हात राहून जेमतेम जांभळट होते. किरणोत्साराने तेच काम झटपट आणि झोकात होतं.

मी ही सगळी पथ्यं पाळली. “पात्रांव, भाटकाराच्या माडीवरची,” असं म्हणत विक्रेत्याने गोटीची बाटली दोन हजारांना दिली. वर माडीची, त्या भाटकाराची म्हणजे जमीनदाराची, त्याच्या लिस्बनला गेलेल्या मुलाची गोष्ट फुकट. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने या बाटलीचं पेटंट 1872 साली घेतलं, हे मी उलट त्यालाच ऐकवलं. आपल्या देशात तशाच बाटल्या आजही बनतात, हे नेमकं तेव्हा आठवलं नाही. तिला जागा हवी म्हणून पडवीतला हिरव्या काचेचा मोठा बुधला, म्हणजे गर्राफांव, भंगारवाल्याला दिला. आजोबांची फेणी जन्मभर त्यातच असायची, पण त्याची गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

आईने बाटलीला चिंच लावली. तांबडी माती आणि मानेवरचा गंज मोरीतून वाहून गेला, गोटी आत खुळखुळली.

“अरे, ही म्हापशाच्या स्टँडवरच्या सोडेवाल्याकडे असते तसली,” ती म्हणाली. “निदान भरलेली तरी आणायचीस!”