कंपनीनं दिली होती ती फक्त चासी

आमच्या घरच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चालू आहे. कराडच्या आतेभावानं एका शाळेची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली. सीटा काढायच्या, आत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवायची आणि बायकोला घेऊन स्पितीला जायचं, एवढाच त्याचा बेत. आरटीओच्या एजंटनं सांगितलं, पासिंग होणार नाही. त्यानं ते ग्रुपवर टाकलं आणि काकांचं उत्तर आलं, "गाडी कंपनीनं दिली तशीच वापरावी. मॉडिफिकेशन म्हणजे टवाळ पोरांचे उद्योग." त्यावर कुणीतरी भर घातली की अमेरिकेत हे चालतं, कारण तिकडे रस्ते आहेत आणि लोकांना शिस्त आहे.

मला दोन्हींचा राग आला. इथे अमेरिकेत, कोलोरॅडोत, माझ्या ड्राइव्हवेत 2002 ची फोर्ड ई-450 बस उभी आहे. एका वृद्धाश्रमाची शटल होती, लिलावात 6,200 डॉलरला मिळाली. डिझेल हवं म्हणून मी आठ महिने थांबलो, कारण अशा बहुतेक शटलमध्ये पेट्रोलचं व्ही-10 असतं. माझ्या बसमध्ये 7.3 लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल आहे. नेव्हिस्टारनं फोर्डसाठी बनवलेलं हे इंजिन. ना डीपीएफ, ना डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायची नव्या डिझेल गाड्यांतली भानगड नाही. आवाज ट्रॅक्टरसारखा, पण तीन लाख मैल चाललेली इंजिनं मी स्वतः पाहिली आहेत.

दोन हिवाळे मी तिच्याखाली झोपून काढले. सीटांचे बोल्ट गंजून रुळांत बसले होते, एकेक ग्राइंडरनं कापला. रबरी फरशीखालचं प्लायवूड लिफ्टच्या दारापाशी भिजून शेणासारखं झालं होतं. व्हीलचेअरची लिफ्ट काढून विकली, तिचं रुंद दार मात्र ठेवलं. सगळ्यात मोठं काम पुढच्या चाकांचं. फोर्डनं ही गाडी फोर बाय फोर कधी बनवलीच नाही. म्हणून पुढची चाकं धरणारे ट्विन आय-बीम उतरवले आणि भंगारातल्या एफ-350 ट्रकचा डाना 60 हाऊसिंग, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देणारा अॅक्सल, स्प्रिंगच्या पाट्यांसकट तिथे बसवला. गिअरबॉक्समागे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस आली, शाफ्ट आखूड करून बॅलन्स करून घेतला, ब्रेकच्या नळ्या लांबवल्या. मागची जोडचाकं काढून एकेरी रुंद चाकं घातली, कारण दगडांच्या वाटेवर जोडचाकांच्या मध्ये धोंडा अडकला की टायर फाटतो. इतकं करूनही तिची शेपटी लांबच आहे. नाल्यातून वर चढताना मागचा बंपर जमिनीला घासतो. तो कापून वर घ्यायचं काम अजून बाकी आहे.

गेल्या ऑक्टोबरात युटातल्या सॅन राफेल स्वेलमध्ये बीएलएमच्या, म्हणजे मोकळ्या सरकारी, जमिनीवर नऊ रात्री राहिलो. सहाव्या दिवशी पन्हाळी पत्र्यासारख्या वॉशबोर्ड रस्त्यावर इंजिन एकदम मेलं. कॅमशाफ्टचा सेन्सर. या इंजिनाची ही ठरलेली खोड, म्हणून दुसरा सेन्सर आणि दहाचा पाना कायम डॅशबोर्डच्या खणात असतो. वीस मिनिटांत पुन्हा चालू. त्या वीस मिनिटांत मला कळलं की ही गाडी माझी आहे. नव्या चकचकीत गाडीबद्दल मला असं कधीच वाटलं नव्हतं. काका ज्यांना टवाळ म्हणतात त्यांना हेच हवं असतं, दुसरं काही नाही.

आता कायद्याचं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचा अर्थ लावला, की नोंदणीतल्या, उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आणि 2021 मध्ये आपल्याच राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे सरकारला कॅराव्हॅन हवी, पण कराडच्या माणसानं आपल्या अंगणात बनवलेली नको. इथे मी डीएमव्हीत, म्हणजे इकडच्या आरटीओत, फोटो आणि फॉर्म दिले आणि बसचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मोटरहोमचं झालं. मोठ्या माणसाला मोठं समजून वागवलं. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, लांबलचक. आज वाचताना त्यातला सूर मला आवडत नाही.

कारण जे लिहिलं नाही तेही खरं आहे. कोलोरॅडोत गाडीची सुरक्षा तपासणीच नाही. सव्वासहा टनांच्या आसपासची गाडी, तिचा पुढचा अॅक्सल मी स्वतः बसवलेला, आणि माझ्या वेल्डिंगकडे एकाही सरकारी माणसानं पाहिलं नाही. ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करून ते 14,050 पौंडांच्या मर्यादेत ठेवणं मी माझ्या जबाबदारीवर केलं. दोन विमा कंपन्यांनी नाही म्हटलं, तिसरीनं महाग विमा दिला. एचओएची, म्हणजे आमच्या वसाहतीच्या सोसायटीची, पत्रं तर अजून येतात. आतेभावानं मला खाजगीत एवढंच लिहिलं, "दादा, तुझं बरोबर असेल. पण मला पासिंग इथे करायचंय."

त्या रात्री बाबांचा व्हॉइस मेसेज आला. बाबा चौतीस वर्षं दापोडीला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते, बॉडी विभागात. ते ग्रुपवर कधी बोलत नाहीत. म्हणाले, "तुझ्या काकाला सांग, आमच्याकडे लेलँडची आणि टाटाची नुसती चासी यायची. ड्रायव्हरची सीटसुद्धा नसायची. सांगाडा आम्ही उभा करायचो, पत्रा आम्ही मारायचो, रिव्हेट आम्ही ठोकायचो. ज्या एसटीनं हा पंढरपूरला जातो ती कंपनीनं दिलेली नाही, दापोडीनं दिलीय."

मी खाली जाऊन माझ्या बसच्या दाराची चौकट पाहिली. तिथे दोन स्टिकर आहेत. एक फोर्डचा, त्यावर स्पष्ट लिहिलंय की हे अपूर्ण वाहन आहे. केबिन आणि मागे उघडी चासी, बस. दुसरा बॉडी बांधणाऱ्याचा. दोन वर्षं रोज ते दार उघडत होतो. 'कंपनीनं दिली तशी' अशी ही गाडी एक दिवसही नव्हती. चिंचवडहून साताऱ्याला सुट्टीत जायचो ती लाल एसटीही नव्हती. आणि हे मला बाबांनी सांगावं लागलं.

बाबांचे हात लहानपणी मला आवडायचे नाहीत. नखांत काळं असायचं, अंगाला डिझेलचा वास. कॉलेजच्या फॉर्मवर मी 'राज्य सरकारी सेवा' असं लिहायचो, जे धड खरंही नव्हतं. दापोडीचा कारखाना घरापासून सायकलवर वीस मिनिटं, मी एकदाही आत गेलो नाही. रिव्हेट कशी मारायची हे मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी व्हिडिओ बघून शिकलो, आणि ते शिकवणारा माणूस ओरेगनचा होता. लोक विचारतात परत येणार का. मला वाटतं, ज्या घरी परत जायचं त्या घरातलं सगळ्यात मोलाचं काम मी घरात असताना पाहिलंच नाही.

परवा बाबांना हाऊसिंगच्या वेल्डिंगचे फोटो पाठवले. आतेभावाच्या ट्रॅव्हलरचे फोटोही त्यांच्याकडे गेलेत. पुढच्या आठवड्यात ते स्वतः कराडला जाणार आहेत, कुठल्या बदलाला परवानगी मिळेल ते आधी नीट विचारून. माझ्या फोटोंवर त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. "डावीकडचा पाट्याच्या ब्रॅकेटचा टाका कच्चा आहे. तो घासून पुन्हा मार, तोवर गाडी बाहेर काढू नको."

शनिवारी बस पुन्हा जॅकवर घेतली आहे.