तारीख बघा रे आधी!

आज परत तेच. मीटिंग चालू, मॅनेजर स्क्रीन शेअर करून कसले तरी आकडे दाखवतोय आणि इकडे फोन थरथरतोय, बघितलं तर मित्रांच्या ग्रुपवर 'ब्रेकिंग!!! लगेच सगळ्यांना पाठवा', आणि लिंक उघडली तर बातमी 2019 ची. अरे बाबांनो, तारीख तिथेच लिहिलेली असते ना! वर ते दोन बाणांचं चिन्ह पण असतं, म्हणजे मेसेज आधीच गावभर फिरून आलाय, व्हॉट्सअ‍ॅपने तर 2020 मध्येच असले मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील असं करून ठेवलं, पण आमची मंडळी एवढी चिवट की एकेका ग्रुपला वेगवेगळं पाठवतात. (ही चिकाटी ऑफिसात दाखवली असती तर एव्हाना प्रमोशन झालं असतं लेकांचं.) जुनी आहे म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'असू दे रे, माहिती असलेली बरी'. कसली माहिती, डोंबल! मीपण येडाच, दर वेळी खरी बातमी शोधून टाकत बसतो, त्यावर एक अंगठा येतो आणि दहा मिनिटांत दुसरा कोणीतरी तेच परत चिकटवतो. तोवर मीटिंगमध्ये माझं नाव पुकारलेलं असतं, 'तुझं काय मत?'