कर्जाची बातमी कुणी दिली?

"मस्कने ट्विटर घेतलं तेव्हापासून पेपरवाले हात धुऊन मागे लागलेत," चहा यायच्या आत पक्याने विषय काढला.

अण्णा उसळले. "मग काय, आरती ओवाळायची? 15 डिसेंबर 2022 ला न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएनच्या पत्रकारांची खाती त्याने बंद केली. कशावरून? तर त्याच्या विमानाचा माग ठेवणाऱ्या खात्यावरून."

"चूकच ती. पण ऑक्टोबर 2020 मध्ये जुन्या ट्विटरने न्यूयॉर्क पोस्टची, जो बायडनचा मुलगा हंटर याच्यावरची बातमी शेअर करू दिली नव्हती. पेपरचं खातं दोन आठवडे अडकलं होतं. तेव्हा हेच लोक एवढे ओरडले का?"

"अरे, अमेरिकेच्या सिनेटने ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख डॉर्सी याला बोलावून जाब विचारला!"

"सिनेटने विचारला. मी पत्रकारांचं म्हणतोय."

मला पक्याचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. मस्कवर टीका जास्त झाली याचं मला वाईट वाटत नाही. 26 ऑक्टोबर 2022 ला तो हातात सिंक (बेसिन) घेऊन ट्विटरच्या ऑफिसात शिरला, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. पण ट्विटर घ्यायला 44 अब्ज डॉलर आणले कुठून, हे कट्ट्यावर कुणाला सांगता येईना. त्यातलं सुमारे 13 अब्ज बँकांचं कर्ज, आणि तेही मस्कच्या नव्हे, कंपनीच्या डोक्यावर. 2021 मध्ये जिची वर्षाची कमाई खर्च वजा न करता 5 अब्ज होती, तिला वर्षाचं व्याजच 1 अब्जाच्या घरात. नोव्हेंबरात निम्मे लोक काढले, त्यामागे हा हिशेबही होता. अर्थविषयक पेपरांत हे आलं. टीव्हीवर मात्र मस्कचा स्वभावच चघळला गेला. सौदी राजपुत्र अलवलीद 2011 पासून ट्विटरमध्ये भागीदार, या सौद्यातही त्याने हिस्सा ठेवला. त्याच्यावर किती चर्चा झाल्या?

दुसरं म्हणजे, पत्रकार यात त्रयस्थ नव्हतेच. वर्षानुवर्षं त्यांनी तिथे फॉलोअर जमवले, ओळख म्हणून निळी टिक मिळवली. ती टिक 8 डॉलरला कुणालाही मिळायला लागली, तेव्हा नुकसान त्यांचंही झालं. वॉशिंग्टन पोस्ट ॲमेझॉनवाल्या बेझोसच्या धंद्याची बातमी देताना 'पेपरचे मालक तेच' अशी ओळ टाकतो. तेवढा प्रामाणिकपणा बातमीदाराने स्वतःबद्दलही दाखवावा.

"म्हणजे प्रत्येक बातमीखाली फॉलोअरचा आकडा?" अण्णांनी विचारलं.

"आकडा नको, अण्णा. 'या बदलाचा फटका मलाही बसलाय' एवढं लिहा. मग हवी तेवढी टीका करा, मी शेवटपर्यंत वाचेन."

"आणि कर्जाचं?" पक्या म्हणाला.

"ते पहिल्या परिच्छेदात."