‘त्रास नाही’ या उत्तराचा अर्थ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दातांचा त्रास प्रश्नावलीने मोजण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. अनेक वर्षे दंतवैद्यक केलेल्या माणसाचा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आपले म्हणणे थोडक्यात असे : किडलेले दात मोजता येतात, दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मिलिमीटरमध्ये सांगता येते; परंतु ‘दातांमुळे तुम्हाला संकोच वाटतो का’ असे विचारून मिळालेल्या उत्तरांची बेरीज म्हणजे मोजमाप नव्हे, कारण तोंडभर कीड असलेला माणूस ‘मला काही त्रास नाही’ म्हणतो आणि एकच दात किंचित वाकडा असलेली मुलगी रडकुंडीला येते.

निरीक्षण अचूक आहे. त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

आपण ज्याला ठोस मोजमाप म्हणता, तेच आधी पाहू. किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले दात मिळून होणारा डीएमएफटी निर्देशांक १९३८ पासून वापरात आहे आणि कीड समाजात किती पसरली आहे हे सांगण्यात तो आजही उपयोगी आहे. पण त्यात ठणकणारा किडका दात एक आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारा भरलेला दातही एकच. दहा दात किडून रात्रभर जागणारा माणूस आणि दहा दात व्यवस्थित भरून घेतलेला माणूस या आकड्यात सारखेच ठरतात. उपचाराने तो कमीही होत नाही. रोगाचा इतिहास मोजण्यासाठी केलेल्या साधनाचा हा दोष नव्हे, पण माणसाचे कसे चालले आहे हे त्या साधनाला विचारून उपयोग नाही.

ते विचारण्यासाठी वेगळी साधने आली. स्लेड आणि स्पेन्सर या संशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ओएचआयपी या, तोंडाच्या आरोग्याचा जगण्यावर होणारा परिणाम विचारणाऱ्या प्रश्नावलीत ४९ प्रश्न आहेत, आणि ते संशोधकांनी टेबलाशी बसून रचलेले नाहीत : ६४ रुग्णांशी बोलून जमलेल्या ५३५ विधानांतून बहुतेक प्रश्न निवडले गेले. १९९७ मध्ये स्लेड यांनीच त्याची १४ प्रश्नांची लहान आवृत्ती केली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ५६. जितके गुण अधिक, तितका त्रास अधिक.

आता आपल्या आक्षेपातील खरा अवघड भाग. माझ्या आत्याला मी ही लहान प्रश्नावली एकदा वाचून दाखवली होती. तिच्या दाढा केव्हाच गेल्या आहेत. खाताना अस्वस्थ वाटते का, या प्रश्नाला तिने ‘कधीच नाही’ असे ठाम उत्तर दिले. तासाभराने जेवायला बसलो, तेव्हा ताटातला कडक तुकडा तिने न बघताच कडेला सारला. विचारले तर म्हणाली, “ते मी खातच नाही, मग त्रास कसला व्हायचा?” प्रश्नावलीत तिचे गुण शून्य होते.

म्हणून मूळ लेखातील ‘गुण कमी म्हणजे तोंडाचे आरोग्य चांगले’ हे माझे वाक्य चुकीचे होते. माणूस आपल्या अपेक्षा गरजेप्रमाणे आखडून घेतो, आणि उपचारानंतर त्या पुन्हा वाढल्या की आधी न जाणवलेली उणीव जाणवू लागते. त्यामुळे उपचारापूर्वीचे आणि नंतरचे गुण एकमेकांतून सरळ वजा करणे धोक्याचे असते. अॅडुल्यानन आणि शीहॅम यांची १९९७ ची ओआयडीपी ही पद्धत येथे थोडी अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. ती खाणे, बोलणे, झोप, दात दिसतील असे मोकळेपणाने हसणे अशा रोजच्या आठ गोष्टींविषयी विचारते आणि अडथळा किती वेळा आला व किती तीव्र होता यांचा गुणाकार करते. आत्याला मात्र तीही कदाचित चकवेल. (भाषांतराचा प्रश्न वेगळाच : संकोच, लाज आणि अवघडलेपण यांपैकी कोणता शब्द घातला यावरून उत्तर बदलू शकते.)

परंतु आपल्या दोन्ही उदाहरणांत तपासणी आणि उत्तर जुळत नाही, याचा अर्थ उत्तर खोटे आहे असा होत नाही. त्या मुलीने हसताना तोंडावर हात ठेवणे ही घडणारी गोष्ट आहे. आपल्या आरशात ती दिसत नाही, एवढेच. कीड असूनही ‘त्रास नाही’ म्हणणारा माणूस उपचाराला आपणहून का येत नाही, हेही त्या उत्तरातूनच कळते.

एका ठिकाणी मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. कोणावर उपचार करायचे हे केवळ या गुणांवर ठरवता येणार नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तेथे ‘त्रास नाही’ ऐकून तपासणी न करणे अक्षम्य ठरेल. लेखातील ते वाक्य मी आज दुरुस्त केले असून, दुरुस्ती आपल्या आक्षेपामुळे झाल्याची नोंद त्याखाली ठेवली आहे.