ताट वेगळं केलं, खिडकी मात्र लावून घेतली

माझ्या दादाला गेल्या वर्षी टीबी झाला. कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणारा माणूस. पहिल्याच दिवशी आईनं त्याचं ताट-तांब्या वेगळा काढला. ओळखायला ताटाच्या काठाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, तो मीच दिला. आणि खोकला शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून खोलीची खिडकी लावून घेतली.

टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. उघडी हवी होती ती खिडकी. हे आम्हाला कळेपर्यंत दीड महिना गेला, आणि तोवर दादानं मनाशी धरलं होतं की आपण घरात नकोसे झालोय. गोळ्या वेळेवर घ्यायचा, पण बोलणं बंद. माझ्या लेकीनं "मामा" म्हणून हाक मारली की भिंतीकडं तोंड करायचा. रात्री दोनला उठून बघावं तर अंधारात नुसता बसलेला. आई म्हणायची, अशक्तपणा आहे, अंगात रक्त भरलं की बोलेल.

दवाखान्यात वजन व्हायचं, ठरल्या वेळी थुंकी तपासली जायची, गोळ्या मिळायच्या. पोषणाचे महिन्याला 1000 रुपयेही मंजूर झाले (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते). या सगळ्याबद्दल मनापासून आभार. पण "झोप लागते का?" हे तिथं कुणीच विचारलं नाही. विचारलं ते आमच्या आशाताईंनी. चौथ्या महिन्यात उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "खरं सांगा भाऊ, जगू नये असं वाटतं का?" दादा लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी आशाताईच त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी प्रत्येक ठिकाणी मांडणार आहे: गोळ्या देताना दर वेळी हे दोन प्रश्न विचारा. झोप लागते का, आणि जगू नये असं वाटतं का. वजनकाट्यावर उभं करायला लागतो तेवढाच वेळ लागेल. मन खचलं की माणूस गोळ्या सोडतो, आणि अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद देईनासा होतो. त्या टीबीवर दिलं जाणारं सायक्लोसेरिन तर स्वतःच काहींच्या मनावर परिणाम करतं, उदासी आणतं, भास होतात. असं काही जाणवलं तर गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. बोलायला कुणीच नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दादाचा कोर्स फेब्रुवारीत संपला, थुंकी निगेटिव्ह आहे. ठिपका मी ॲसिटोन लावून पुसला. तरी तो अजून जेवण झालं की स्वतःचं ताट बाहेरच्या नळावर नेऊन घासतो.

कारखान्यातल्या त्याच्या मित्रांना मी या पोस्टमध्ये टॅग करतेय. भावांनो, तो सोमवारपासून कामावर येतोय. दुपारी डबा त्याच्या शेजारी बसून खा.