एका कॉमेंटचा गुन्हा

लिनक्स कर्नलमधल्या (म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एका कॉमेंटमध्ये, म्हणजे कोडमध्ये फक्त माणसांसाठी लिहिलेल्या टिपेत, 'रिसीव्ह'च्या स्पेलिंगातील 'ई' आणि 'आय' मी जागच्या जागी बसवले, आणि त्यापायी काल मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. टायमरची एक रिग्रेशन टेस्ट, म्हणजे आधी नीट चालणारे काही बिघडले नाही ना हे पाहणारी चाचणी, फेल झाली होती. टेस्टिंग सांभाळणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बायसेक्ट (बिघाड कुठल्या बदलात शिरला, याचा शोध) लावला आणि सुमारे ८,००० कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, १३ फेऱ्यांत निम्मे-निम्मे करत 'पहिला बिघडलेला कमिट' म्हणून माझा काढला.

"अहो, कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा कंपायलर कॉमेंट वाचतसुद्धा नाही," मी म्हणालो.

"पण ओळींचे क्रमांक? ते सरकले, की वॉर्निंगच्या तक्त्यातले आकडेही बदलतात."

हे खरे होते, म्हणूनच अधिक चीड आली. मी ओळ एकही वाढवली नव्हती, हे दाखवले. बदलाआधीची आणि नंतरची, कंपायलरने बनवलेली ऑब्जेक्ट फाइल एकसारखीच आहे, हेही दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शांतपणे विचारले, "मग तुमचा कंपायलर वेगळा नाही ना?"

वास्तविक टेस्टच लहरी होती. कर्नलसोबतच येणाऱ्या अशा चाचणीला, म्हणजे सेल्फटेस्टला, मुळात ४५ सेकंदांची मुदत. मशीनवर शेजारी दुसरा बिल्ड (कोडची बांधणी) चालू असला, की ती हमखास उलटते. अशा टेस्टवर बायसेक्ट लावला आणि बिघडलेला कर्नल एकदा नशिबाने पास झाला, की पुढचा सगळा शोध निरपराधांच्या वस्तीत चालतो. मागे एकाने कारण शोधायला त्यात प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये संदेश छापणारे आदेश) घातले, तर वेळेचे गणित हलून टेस्ट फेल व्हायचीच थांबली. ते काढायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही. टेस्ट लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेला आहे, ती दुरुस्त करणे कोणाच्याच कामात बसत नाही, आणि रात्री जागायचे मात्र ज्याचा कमिट शेवटचा सापडेल त्याने.

अखेर माझा बदल रिव्हर्ट झाला, म्हणजे मागे घेतला गेला. टेस्ट पास झाली. "बघा," ते म्हणाले.

आज सकाळी तीच टेस्ट पुन्हा फेल झाली आहे, आणि त्यांनी मला विचारले आहे, की रिव्हर्ट करताना आणखी कशाला हात लावला होतात का. कर्नलमध्ये 'रिसीव्ह' पूर्ववत चुकीचे आहे.