संतांच्या टाचा भेगाळलेल्या दाखवल्या तर?

गावाकडच्या ग्रुपवर परत तोच वाद चाललाय. कुणी संतांना साधा राबणारा माणूस म्हणून चितारलं की लगेच भावना दुखावल्या, माफी मागा, चित्र उतरवा. मी राहतो बर्लिनला, आणि हे वाचलं की मला इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने काढलेला सेंट मॅथ्यू, येशूचा शिष्य, आठवतो.

रोमच्या सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्चसाठी काढलेल्या त्याच्या पहिल्या चित्रात मॅथ्यू म्हणजे टक्कल पडलेला दांडगा शेतकरी, पायावर पाय टाकून बसलाय, पोटऱ्या उघड्या, एक पाऊल थेट बघणाऱ्याच्या तोंडासमोर, आणि शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, लिहितोय पण हात देवदूताने धरलाय, पाटी गिरवणाऱ्या पोराचा धरतात ना तसा. बेलोरी नावाचा जुना चरित्रकार सांगतो की हा संत वाटतच नाही म्हणून पाद्र्यांनी ते नाकारलं. पण ते जुस्तिनियानी नावाच्या सरदाराने विकत घेतलं, आणि चर्चने दुसरं चित्र त्याच चित्रकाराकडून घेतलं, १६०२ मध्ये. ते आजही तिथे आहे, देवदूत वरून बोटं मोजत सांगतोय आणि मॅथ्यूने गुडघा टेकलेल्या स्टुलाचा एक पाय कडेवरून हवेत लटकतोय. मॅथ्यू अजूनही अनवाणीच! पहिलं चित्र पुढे बर्लिनला आलं आणि १९४५ मध्ये युद्धात गेलं, आता फक्त ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघायचे.

इकडे पहिल्यापासून सगळं मोकळं होतं असं अजिबात नाही हं, १५७३ मध्ये वेरोनेझे या चित्रकाराला येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात विदूषक आणि जर्मन शिपाई घातले म्हणून धर्मन्यायालयात उभं केलं होतं, शेवटी चित्राचं नाव बदलून भागलं. देवळाने एखादं चित्र नको म्हटलं तर मला त्यात गैर वाटत नाही, जागा त्यांची, श्रद्धा त्यांची. पण ते दुसरीकडेही लावू द्यायचं नाही, चित्रकाराला धमक्या द्यायच्या, हे मला पटत नाही. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन अशाच धमक्यांमुळे देशाबाहेर राहिले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले याची मला मनापासून लाज वाटते.

आणि आपले संत तर राबणारेच होते की! तेरचे गोरोबा काका चिखल तुडवायचे, मग कॅलेंडरवर त्यांचं धोतर इतकं पांढरंशुभ्र का? गुडघ्यापर्यंत चिखल, टाचा भेगाळलेल्या असे गोरोबा कुणीतरी मोठ्या कॅनव्हासवर काढावेत, मला बघायचेत. आळंदीहून पंढरपूरला पायी गेलेल्या माणसाला त्या टाचांचा राग येईल असं मला नाही वाटत, तो तर आधी वाकून तिथेच हात लावेल.